नट सुटला, बोल्ट निघत नाही

बाबू, जुन्या गाडीच्या सस्पेन्शनला हात घालण्याआधी एक हिशेब मनाशी मांडून ठेव. काय तुटलं तर चालेल आणि काय तुटून चालणार नाही? बोल्ट स्वस्त, बुश स्वस्त. मारुती ८०० चा लोअर आर्म बॉल जॉइंटसकट बाजारात मिळतो. नकल मात्र महाग, आणि जुन्या गाडीचं असेल तर भंगारात शोधत फिरावं लागतं. बॉडीचा ब्रॅकेट फाटला तर तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. तरी माणूस हट्टाला पेटतो आणि किरकोळ बोल्ट वाचवायच्या नादात नकलाचा कान तोडून बसतो. बोल्ट गेला असंच धरून चाल. वाचवायचं ते त्याच्या भोवतालचं.

८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. म्हणजे आपल्याकडे येणारी सगळ्यात नवी गाडीसुद्धा दहाच्या वर पावसाळे खाऊन आलेली. त्यात आपली कोकणपट्टी. खारा वारा घाटावरच्या गाडीला माहीत नसतो, आपल्या गाडीला तो रोजचा. मासळी वाहणाऱ्या ओम्नीचं तर विचारूच नकोस; क्रेटांतलं बर्फाचं खारट पाणी पत्र्याच्या फटींतून थेट खालच्या बोल्टांवर ठिबकतं. वाळूत गाडी पळवून मग खड्ड्यावर घेऊन येणारे पाहुणे आहेतच. गाडी कुठून आली आणि काय वाहते हे आधी विचार. उत्तर मासळी असेल तर बुश आणि बोल्ट मागवल्याशिवाय गाडी खोलूच नकोस. नाहीतर ती चार दिवस खड्डा अडवून बसते.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासून रस्ट स्प्रे मार, रात्री पुन्हा एकदा मार. आट्यांवर चिखलाचा थर असेल तर तेल आत जातच नाही, वरून ओघळतं. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे. साध्या गंजाला ते पुरतं, मुरलेल्या गंजाला खास गंज सोडवणारं तेल आण. रॉकेलही काम करतं, फक्त वेळ घेतं.

आता मुख्य गोष्ट. पान्यावर जोर टाकण्याआधी बोल्ट *कुठे* धरलाय ते ओळख. आट्यांत धरलाय की दांड्यावर? लोअर आर्मच्या बुशमध्ये रबराच्या आत एक लोखंडी नळी असते आणि बोल्टाचा गुळगुळीत दांडा तिच्यातून जातो. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे नळी आणि दांडा एकमेकांत घट्ट आवळले जातात. नट सहज सुटतो, माणूस खूश होतो, आणि बोल्ट काही बाहेर येत नाही. बोल्टाचं डोकं फिरवून बघ. थोडं फिरलं आणि पाना ढिला सोडताच आपोआप मागे आलं, तर नळीसकट रबर पिळतंय. तिथे कितीही तास पाना ओढलास तरी रबर पिळण्यापलीकडे काही होणार नाही. उलट थोडं फिरून कुरकुर आवाज येत असेल आणि बोल्ट जागीच राहत असेल, तर दांडा सुटतोय, तेल टाकत पुढेमागे फिरवत राहा.

आटे जाम असतील तर आधी थोडं *आवळ*. अगदी पाव फेरा. गंजाची पकड मोडायला दिशा कुठलीही चालते. कर्र झालं की अर्धा फेरा सोड, पाव फेरा परत आवळ, तेल टाक. घाई करणाऱ्याला हा प्रकार मूर्खपणा वाटतो. पाना सहा कोनीच घे, बारा कोनी गोटी झिजलेल्या डोक्यावरून घसरते आणि कोपरे खाऊन टाकते. आणि टॉमीला पाइप लावून त्यावर उभं राहायची सवय सोड. साठ किलोचा माणूस मीटरभर पाइपच्या टोकावर उभा राहिला की ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पडतो. १० मिमीचा ८.८ चा बोल्ट कसायलाच जेमतेम ५० लागतात. म्हणजे काय होणार ते तूच सांग.

उष्णता द्यायची तर नटाला दे, बोल्टाला नको. नट फुगला पाहिजे. मंद लाल झाला की ज्योत काढ, थोडं निवू दे आणि मेणबत्ती आट्यांना टेकव. मेण वितळून आत ओढलं जातं. तापलेल्यावर पाणी ओतू नकोस, बोल्ट ठिसूळ होऊन तुटतो. जवळ ब्रेकचा होज, एक्सलचं रबरी बूट, पेट्रोलची नळी, सीएनजीची टाकी असेल तर गॅस कोपऱ्यातच राहू दे. शॉकअपवर ज्योत कधीच नाही. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागीही नाही, त्यातल्या काहींचा तापल्यावर विषारी वायू होतो.

नळीत अडकलेला दांडा बहुधा ठोकून निघत नाही, तरी दोनचार घाव घालून बघायला हरकत नाही. नट उलटा लावून टोकाशी बरोबर आण, म्हणजे आटे चेचणार नाहीत. नाही हललं तर कापायचं. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये बारीक फट असते, तिथून दोन्ही बाजूंनी बोल्ट काप, आर्म खाली येतो. मी इथे हॅक्सॉचं पातं पसंत करतो. ग्राइंडर लवकर कापतो खरा, पण चकती तसूभर सरकली की ब्रॅकेटला खाच पडते.

नकलावरचा बोल्ट वेगळा. बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि तो बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. म्हणून तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय आर्मवर घण घालण्यात अर्थ नाही. नकलाच्या चिरेत छिन्नी घालून ती केसभरच उघड, जास्त उघडलीस तर कान चिरतो. बोल्ट आत तुटला तर इझी-आउट शेवटी. ते स्वतः कडक पोलादाचं असतं. आत मोडलं तर त्यावर ड्रिलही चालत नाही. तुटलेलं टोक बाहेर दिसत असेल तर त्यावर नट वेल्ड कर. गरमाई मिळते आणि पाना धरायला नवं डोकंही. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढ. टोक आतच असेल तर नकल उतरवून वर्कशॉपमध्ये ड्रिलवर ने, अंगावर पडून हाताने भोक पाडू नकोस.

आणि हो, हे सगळं घोडीवर. जॅकवर नाही.

जोडताना. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट घालू नकोस, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं बघ. जपानी घराण्याच्या गाड्यांत १२ मिमीच्या बोल्टाचे आटे बहुधा १.२५ चे, बारीक असतात. दुकानात सर्रास मिळतो तो १.७५ चा. दोन फेरे हाताने गेले नाहीत तर पाना लावू नकोस. ग्रीस दांड्याला लाव, नळीत राहणाऱ्या भागाला. आट्यांना ग्रीस लावलंस तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. नायलॉनवाले नट आणि स्प्लिट पिन नवेच. स्ट्रटचे दोन बोल्ट सोडण्याआधी नकलावर छिन्नीने खूण केली असशील तर चाकाचा झोक बराचसा परत मिळतो, तरी अलाइनमेंट करून घेच.

आणि बुशचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. आर्म लोंबकळत असताना कसलास तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. गिऱ्हाईक मग तुझ्याच नावाने बोंबलतं, आणि या एका बाबतीत ते बरोबर असतं. पाचशेएक किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावून बघायला बोलाव. समुद्रावर नेलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायला सांग. दहातले दोघे ऐकतील.