पैसे देऊन केलेले श्रमदान

भूगोलाच्या तासाला उष्ण कटिबंधातील वर्षावनांचा भाग चालला असताना सरांनी सहज सांगितले, की परदेशातील कितीतरी तरुण स्वतःच्या खिशातून पैसे भरून या जंगलांत राबायला जातात. वर्गात हशा पिकला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपणही चर खणतो. पण निदान जेवण तरी फुकट असते! मला मात्र ती गोष्ट स्वस्थ बसू देईना. म्हणून कोस्टारिका या मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशाविषयी, त्यातही मॉन्टेव्हर्डे या डोंगरी गावाविषयी, ग्रंथालयात मिळेल ते वाचून काढले.

या गावाची कथा मोठी विलक्षण आहे. सक्तीची लष्करभरती नाकारणारी अमेरिकेतील काही क्वेकरपंथी कुटुंबे १९५१ साली येथे येऊन राहिली. कोस्टारिकाने १९४८ सालीच आपले सैन्य बरखास्त केले होते, हे त्यांना आकर्षण. त्यांनी गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला; आणि घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश भागातील जंगल तसेच राखले. हेतू साधा होता : ओढ्याचे पाणी आटू नये. कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्प या डोंगरमाथ्याला अडते आणि ढग झाडांतच उतरतात. पाने व शेवाळ ते धुके टिपून घेतात, म्हणून पाऊस नसतानाही झाडांखाली थेंब ठिबकत राहतात. १९७२ साली येथे राखीव जंगल स्थापन झाले. (तरीही तेथील सोनेरी भेक १९८९ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. नुसते कुंपण घालून सारे वाचते असे नाही.)

१९८७ साली स्वीडनमधील एका खेड्यातील शाळेत ईहा केर्न या शिक्षिकेच्या वर्गाला या जंगलाची माहिती मिळाली. मुलांनी पैसे जमवून जंगल विकत घेण्याचे ठरविले. पुढे अनेक देशांतील मुलांनी हातभार लावला. मुलांच्या नावाने ओळखले जाणारे ते अरण्य आज २२ हजार हेक्टरांहून मोठे आहे.

आता स्वयंसेवकांकडे वळतो. ते पायवाटा दुरुस्त करतात, रोपवाटिकेत पिशव्या भरतात, पडीक कुरणांत रोपे लावतात, पक्ष्यांची नोंद ठेवतात. राहण्याजेवण्याचे पैसे त्यांनीच द्यायचे. हे मी घरी सांगितले. माझी आई वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्याच भरते. ती म्हणाली, “पैसे देऊन पिशव्या भरणारी माणसं मिळाली, तर आमाला कोण बोलावील?”

मी निरुत्तर झालो. एकाही लेखात हा प्रश्न इतक्या सरळ विचारलेला नव्हता. थोड्या वेळाने तिनेच दुसरा विचारला, “आणि पाहुणी गेल्यावर खुरपणी कोन करतं?”

खरी मेख येथेच आहे. कुरणातले गवत दाट असते. लावलेले रोप त्यात गुदमरते. रोप गवताच्या वर येईपर्यंत त्याभोवती पुनःपुन्हा खुरपावे लागते. पंधरा दिवसांच्या पाहुण्याकडून ते होणे नाही. ते काम तेथे कायम राहणाऱ्याचे, आणि त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. पाहुण्याच्या पैशातून ती निघत असेल तर माझी तक्रार नाही. त्याच्या फुकट हातांनी ती बुडत असेल, तर त्याला मी श्रमदान म्हणणार नाही.

मॉन्टेव्हर्डेच्या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक शहाणपणाची गोष्ट केली. तिने शेतकऱ्यांना बांधावर वारा अडविणाऱ्या झाडांच्या रांगा लावण्यास मदत केली. वारा अडला, गुरांना आडोसा मिळाला, लाकूडफाटा हाताशी आला. मग शेतकरी आपल्या गरजेपोटीच ती झाडे जपू लागला. त्याच रांगांतून पक्षी जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात आणि वाटेत बिया टाकतात. त्या बियांतून उगवलेली रोपे कोणी पिशवीत भरलेली नसतात.

हे शेवटचे आईला फारसे पटले नाही. पक्ष्याने टाकलेल्या बीलाही पहिल्या पावसाळ्यात कोणीतरी राखावे लागते, असे तिचे म्हणणे आहे.