पाठाचे चित्रण लहान करताना

आगाशीची सुकेळी ज्याने पाहिली आहेत त्यास चित्रफितीचे संपीडन समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवावयाची. पाणी उडून जाते, गोडी राहते आणि टोपलीभर केळी एका लहानशा पुड्यात मावतात. मात्र सुकेळे पाण्यात भिजत घातले म्हणून त्याचे पुन्हा ताजे केळे होत नाही. मोबाइलवर घेतलेला पाठ लहान करून मुलांच्या घरी पाठविताना या दोन्ही गोष्टी घडतात. पहिली आपणांस हवी असते. दुसरी आपण विसरतो. ती विसरल्यामुळे प्रस्तुत लेखकाने काय गमावले हे पुढे येईलच.

आपल्या मुलांच्या घरी बहुधा एकच मोबाइल असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर वाडीवर, होडीवर किंवा कामावर जातो. रात्री तो मुलाच्या हाती येतो तेव्हा त्यात जागा थोडी उरलेली असते. म्हणून फाइल लहान हवी, हे कोणीही मान्य करील. परंतु लहान करण्याच्या भरात फळ्यावरचे अक्षर गेले तर पाठ पोचूनही न पोचल्यासारखा होतो. देवनागरीत हा धोका विशेष आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद शिरोरेषेतील एका लहानशा खंडावर अवलंबून असतो. ‘खत’ आणि ‘खंत’ यांत तर केवळ एका टिंबाचे अंतर. जो शब्द मुलाने पूर्वी कधी वाचलेलाच नाही, तो त्यास संदर्भाने ओळखता येत नाही. पुसट दिसेल तसाच तो शिकतो.

प्रथम थोडे गणित करू. हल्लीचा साधा मोबाइलही आडव्या १९२० आणि उभ्या १०८० बिंदूंचे चित्र घेतो. गुणाकार केल्यास एका चित्रात २०,७३,६०० बिंदू येतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एका चित्रास सुमारे ६.२ मेगाबाइट लागतात. चलच्चित्रात सेकंदाला अशी ३० चित्रे असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १८७ आणि मिनिटाला ११,००० मेगाबाइटांहून अधिक. प्रत्यक्षात मोबाइलमधील फाइल इतकी मोठी नसते. ॲपल कंपनी आपल्या आयफोनसाठी याच आकाराच्या चित्रणास एच.२६४ या पद्धतीने मिनिटाला १३० मेगाबाइट, आणि एचईव्हीसी या नव्या पद्धतीने ६० मेगाबाइट असा हिशेब देते. म्हणजे चित्र आपल्या हाती येण्यापूर्वीच मोबाइलने ते एकदा वाळविलेले असते. आपण करतो ती दुसरी वाळवण.

हे घडते कसे? संपीडन करणारा कार्यक्रम एक चित्र संपूर्ण नोंदवितो आणि पुढील चित्रांत जेवढे बदलले तेवढेच लिहितो. चित्राचे तो लहान चौकोन पाडतो, एच.२६४ मध्ये मूळ चौकोन १६ बिंदू रुंद व १६ बिंदू उंच असतो. एखादा चौकोन जागेवरच असेल तर ‘मागचाच ठेवा’ एवढीच नोंद पुरते. सरकला असेल तर ‘मागचा घेऊन इतका बाजूस ठेवा’ अशी. जे खरोखर नवे असते त्यातीलही डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे तो टाकून देतो. किती टाकावयाचे, एवढेच आपल्या हाती असते.

आता आगाशीच्या शाळेतील फळा आणि जवळच अर्नाळ्याचा किनारा ही दोन दृश्ये डोळ्यांपुढे आणावीत. फळ्यासमोर गुरुजी एक ओळ लिहितात. फळा तोच, भिंत तीच. हलतो तो हात आणि वाढते ते एक अक्षर. अशा चित्रास फारच थोडी नोंद लागते. किनाऱ्यावर मात्र लाटेचा फेस क्षणोक्षणी नवा असतो, वाळूवर उन्हाची तिरीप हलते आणि वाऱ्याने माडाची प्रत्येक झावळी निराळी डोलते. मागच्या चित्रातून उचलावे असे येथे फारसे काही नाही. फळ्याच्या पाठास जेवढी जागा पुरते तेवढीच या दृश्यास दिली, तर कार्यक्रम निरुपायाने बारकावे फेकू लागतो आणि समुद्राच्या जागी मळकट ठोकळे दिसू लागतात.

यावरून एक गोष्ट निघते आणि या लेखाचा सारा भार तिच्यावरच आहे. फाइलीचा आकार आधी ठरवू नये. दर्जा ठरवावा आणि आकार येईल तो घ्यावा. बहुतेक शिक्षक याच्या उलट करतात. ‘सेकंदाला इतके किलोबिट’ असा एक आकडा कोणाकडून तरी मिळतो आणि तोच प्रत्येक चित्रफितीस लावला जातो. त्यामुळे स्थिर फळ्यावर जागा वाया जाते आणि हलत्या दृश्याची उपासमार होते.

दर्जा ठरविण्याची सोय हँडब्रेक या विनामूल्य कार्यक्रमात आहे. विंडोज व लिनक्स या दोन्हींवर तो चालतो. त्यात व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ अशी सरकपट्टी असते आणि तिच्यावर एक आकडा असतो. एच.२६४ साठी तो ० पासून ५१ पर्यंत जातो. येथे नवशिक्याची हमखास चूक होते, कारण आकडा जितका मोठा तितका दर्जा कमी! साधारणपणे आकडा ६ ने वाढविला की फाइल निम्म्याच्या आसपास येते. कार्यक्रमाचे कर्ते १०८० ओळींच्या चित्रास २० ते २४ आणि ७२० ओळींच्या चित्रास १९ ते २३ असा आकडा सुचवितात. मोठ्या चित्रात एकेक बिंदू बारीक असल्यामुळे थोडी अधिक झीज खपते, म्हणून हा फरक.

आपल्या कामास ७२० ओळी पुरेशा आहेत असे माझे मत आहे. १२८० गुणिले ७२० केल्यास ९,२१,६०० बिंदू येतात, म्हणजे मोठ्या चित्राच्या निम्म्याहूनही कमी. तळहाताएवढ्या पडद्यावर मुलास हा फरक सहसा जाणवत नाही. पण अर्धपोटी ठेवलेल्या १०८० ओळींपेक्षा पोटभर दिलेल्या ७२० ओळी नेहमी स्वच्छ दिसतात. अक्षर लहान दिसत असेल तर ओळी वाढविण्याऐवजी फळ्यावरच मोठे लिहावे.

आकडा पारखण्याची एक रीत सांगतो. पाठ घेण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात ‘भ म ध घ खत खंत’ एवढे नेहमीच्या अक्षरात लिहून ठेवावे. मग हँडब्रेकमध्ये ‘प्रिव्ह्यू’ घेऊन काही सेकंदांचाच तुकडा आकडा २० ठेवून करावा, तसाच २३ व २६ ठेवून करावा. तिन्ही तुकडे वर्गातील सर्वांत लहान पडद्याच्या मोबाइलवर पाहावेत. संगणकाच्या पडद्यावर पाहून निर्णय करू नये. तो पडदा मुलाच्या घरी नसतो. ज्या आकड्यावर खंतीचे टिंब डळमळू लागते त्याच्या दोन-तीन पायऱ्या मागे थांबावे. ही पारख स्वतःपेक्षा पाठ न ऐकलेल्या मुलाकडून करवून घ्यावी, कारण आपणांस शब्द ठाऊक असल्यामुळे नसलेले टिंबही दिसते.

त्याच पानावर ‘प्रीसेट’ नावाची दुसरी सरकपट्टी आहे. ती दर्जाची नसून सावकाशीची आहे. ‘स्लो’ केल्यास कार्यक्रम चौकोनांचे साम्य अधिक धीराने शोधतो आणि तेवढ्याच दर्जाची फाइल बहुधा लहान निघते. वेळ अधिक लागतो. पण तो संगणकाचा. संध्याकाळी लावून ठेवावे.

पद्धत कोणती निवडावी, याविषयी उत्साही मंडळींत वाद आहेत. एच.२६४ ही २००३ सालची पद्धत. तिच्या पाठोपाठ २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ आली. नव्या पद्धती कमी जागेत तितकेच चित्र बसवितात यात संशय नाही. परंतु जुन्या मोबाइलवर त्या अडखळतात किंवा उघडतच नाहीत. तेव्हा मुलांना पाठवावयाचे ते एच.२६४ मध्येच पाठवावे.

कधीकधी मात्र आकाराची मर्यादा खरोखरच घालून दिलेली असते. अशा वेळी एकमानाचे सरळ उदाहरण होते. समजा, ६ मिनिटांचा पाठ २४ मेगाबाइटांत बसवावयाचा आहे. एका बाइटात ८ बिट, म्हणून २४ × ८ = १९२ मेगाबिट. ६ मिनिटांचे ३६० सेकंद. भागिले असता सेकंदाला सुमारे ५३३ किलोबिट. त्यातून आवाजासाठी ६४ काढून ठेविल्यास चित्रासाठी ४६९ उरतात. हा आकडा ‘ॲव्हरेज बिटरेट’च्या जागी घालावा आणि कार्यक्रमास चित्रफितीवरून दोनदा फिरू द्यावे. पहिल्या फेरीत तो कोठे किती लागेल याचा अंदाज घेतो, दुसरीत वाटप करतो. स्थिर फळ्यास ४६९ किलोबिट पुरतील; अर्नाळ्याच्या लाटांना मुळीच पुरणार नाहीत. मग पाठाचे दोन भाग करणे बरे. सातवीच्या वर्गात हेच उदाहरण घालून पाहावे. मुले ते आवडीने सोडवितात. आवाजाच्या बाबतीत एवढेच सांगतो की, एकट्याच्या बोलण्यास एकमार्गी ६४ किलोबिट पुष्कळ होतात. गाणे किंवा वाद्य असेल तर दोनमार्गी १२८ ठेवावेत.

खडूच्या रंगाविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्या डोळ्यास उजेड-अंधाराचा बारकावा चांगला कळतो, रंगाचा तितका कळत नाही. याचा फायदा घेऊन नेहमीच्या चित्रफितीत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवितात, पण रंगाची नोंद चार बिंदूंस मिळून एकच. पांढरे अक्षर काळ्या फळ्यावर उजेडाच्या भेदाने उठून दिसते, म्हणून ते टिकते. पिवळेही बरेच टिकते. लाल किंवा निळ्या खडूची बारीक रेघ मात्र फळ्याहून उजेडात फारशी निराळी नसते. तिचा सारा भेद रंगाचा, आणि रंगाची नोंद तर चौथाई! अशी रेघ फिसकटते. शब्दाखाली अधोरेखन लाल असले तर चालेल. अनुस्वार, वेलांटी आणि गणितातील दशांशचिन्ह लाल खडूने काढू नयेत.

खरी बचत चित्रण घेतानाच होते. मोबाइल हातात धरला की तो थरथरतो, आणि थरथरला की स्थिर फळाही कार्यक्रमाच्या दृष्टीने हलू लागतो. दोन विटा आणि एक बाक यांचे स्टँड कोणत्याही शाळेत मिळते. तसेच अंधाऱ्या खोलीत घेतलेल्या चित्रात रवाळ कण वळवळतात. ते प्रत्येक चित्रात निराळे असल्यामुळे कार्यक्रम त्यांनाही नवा मजकूर समजून जागा देत बसतो. खिडकीचा उजेड फळ्यावर पडेल अशा वेळी पाठ घ्यावा, आणि मागे हलणारा पडदा असेल तर बांधून ठेवावा.

तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठविताना व्हिडिओ म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठविल्यास व्हॉट्सॲप ती स्वतःच्या हिशेबाने पुन्हा दाबते. सायक्लोस्टाइलवरच्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढावी तशी तिची गत होते, आणि आपण जपलेले टिंब वाटेत गळते.

आता माझ्या चुकीविषयी. परिसर अभ्यासाच्या पाठासाठी मी आगाशीतील एका वृद्ध बाईंचे सुकेळी करतानाचे चित्रण केले होते. केळे कितपत पिकले म्हणजे घ्यावे, ते उलटावे केव्हा आणि वाळले हे बोटांना कसे कळते, हे त्या आपल्या वाडवळी बोलीत सांगत होत्या. चित्रण अंगणातले; मागे केळीची पाने वाऱ्याने हलत होती आणि बाईंचे हात तर क्षणभरही थांबत नव्हते. मी त्यास फळ्याच्या पाठाचाच ५०० किलोबिटांचा आकडा लावला. फाइल सुरेख लहान झाली. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ चित्रण त्याच रात्री पुसून टाकले. वर्गात लावले तेव्हा आवाज स्वच्छ होता. पण जेथे त्या ‘हे असं दाबून बघायचं’ असे म्हणतात, नेमके तेथे बोटांच्या जागी तपकिरी चौकोन होते. एका मुलीने विचारले, “गुरुजी, आजी दाबतात कुठं?” पुन्हा चित्रण करावे म्हणून मी पुढच्या हंगामाची वाट पाहिली. त्या हंगामात बाई नव्हत्या.

सुकेळी करणारी घरे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या सूनबाईंनी नंतर एकदा मला अंगणात बसू दिले. या खेपेस मोबाइल विटांवर ठेविला, सकाळचे ऊन घेतले आणि आकडा २० ठेविला. साडेसात मिनिटांच्या चित्रणाची फाइल फळ्याच्या पाठाच्या कितीतरी पट मोठी निघाली, म्हणून तिचे तीन भाग करून मुलांकडे पाठविले. मूळ फाइल जशीच्या तशी शाळेच्या संगणकावर आहे आणि तिची दुसरी प्रत कपाटातील पेनड्राइव्हवर आहे. सूनबाईंचा अंगठा केळ्याच्या मध्यावर पडतो, टोकावर नव्हे, हे तिच्यात स्पष्ट दिसते. सासूबाईही तेथेच दाबीत असत की काय, हे मला त्यांना विचारावे लागले.