बुडत्या जहाजाची हाक

अफाट सागरावर जहाज बुडू लागले, म्हणजे त्यावरील माणसांनी मदत कशी मागावी? कितीही मोठ्याने आरोळी मारली, तरी ती लाटांच्या गर्जनेत विरून जाते. म्हणून १९०६ साली बर्लिन येथील परिषदेत निरनिराळ्या राष्ट्रांनी 'एस ओ एस' हा बिनतारी संकेत मान्य केला. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे! गोंगाटातही तो चटकन ओळखू येई.

युद्धकाळात मात्र ही हाक देणे धोक्याचे असे. संदेश पाठविताच शत्रूलाही जहाजाचा ठावठिकाणा लागे. म्हणून दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजे मौन पाळून प्रवास करीत. हल्ला झाला, तरच ती मौन मोडीत. पाणबुडीने हल्ला केल्यास 'एस', युद्धनौकेने केल्यास 'आर' आणि विमानाने केल्यास 'ए' हे अक्षर ब्रिटिश जहाजे पुन्हा पुन्हा पाठवीत. त्यामुळे जवळपासची इतर जहाजेही सावध होत.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' हे जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. त्यावर नऊशेहून अधिक माणसे होती. प्रवाशांत बहुतेक भारतीय होते. २३ तारखेच्या रात्री, लोक झोपेत असताना, जपानी पाणबुडीचा पाणतीर जहाजावर आदळला. एकच हाहाकार उडाला. लोक होड्यांकडे धावले. परंतु बिनतारी यंत्रावरील अधिकारी डंकन आपल्या जागेवरून हलले नाहीत. ते संकेत पाठवीतच राहिले. थोड्या वेळाने दुसरा पाणतीर आदळला आणि जहाजाबरोबर तेही सागरात गडप झाले. २८० जणांना जलसमाधी मिळाली.

वाचलेले लोक होड्यांतून व तराफ्यांवरून वाट पाहत होते. अशा वेळी रात्री लाल ज्योती, दिवसा धूर, आरशाची तिरीप आणि शिट्टी हीच माणसाची वाणी होते. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश युद्धनौका तेथे पोहोचली. एकंदर ६७८ जीव वाचले.

१९९९ पासून मोठ्या जहाजांवर टिंबा-रेघांची जागा उपग्रहांमार्फत जाणाऱ्या संदेशांनी घेतली आहे. साधने बदलली, परंतु हाक ऐकताच धावून जाण्याचा सागरावरील धर्म बदललेला नाही.

स्वाध्याय
१. युद्धकाळात जहाजे मौन का पाळीत?
२. डंकन यांचा कोणता गुण तुम्हांला आवडला? का?