टीबीचा अहवाल अर्धा वाचू नका

माझ्या धाकट्या भावाच्या थुंकीचा सीबीनॅट अहवाल आला तेव्हा त्यात दोनच गोष्टी होत्या. टीबीचा जंतू सापडला, आणि रिफॅम्पिसिन या औषधाला प्रतिकार आढळला नाही. साधा टीबी आहे, सहा महिन्यांत बरा होईल, म्हणून घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भावानं एकही गोळी चुकवली नाही; आशाताई येऊन स्वतः बघून जायच्या. तरी दोन महिन्यांच्या टप्प्यावर थुंकीत जंतू होतेच आणि वजन उतरत होतं. गावात कुजबुज सुरू झाली की हा चोरून पितो, गोळ्या उकिरड्यावर टाकतो. ते साफ खोटं होतं.

खरं कारण एलपीए, म्हणजे लाइन प्रोब असे, या तपासणीत कळलं. ती सुरुवातीलाच व्हायला हवी होती, पण नमुना पुढे गेलाच नव्हता. त्याच्या जंतूवर आयसोनियाझिड हे टीबीचं दुसरं मुख्य औषध चालतच नव्हतं.

नांदेडला एका डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून मला हे समजावलं. सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट ही यंत्रं रिफॅम्पिसिनसाठी जंतूचं आरपीओबी हे एकच जनुक बघतात. त्यातल्या एका छोट्या पट्ट्यात बदल झाला की रिफॅम्पिसिन निकामी होतं. आयसोनियाझिडची गोष्ट वेगळी. ती गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. जंतूच्याच कॅटजी जनुकातून बनणारं विकर तिला कार्यरत करतं. कॅटजी बिघडलं की गोळी रोज घेतली तरी फुकट. बदल इनएचए जनुकाच्या बाजूला असेल तर प्रतिकार सौम्य असतो, वाढीव मात्रेचा काही उपयोग होऊ शकतो. म्हणून ‘रेझिस्टंट’ एवढंच ऐकून उठू नका, कोणतं जनुक ते विचारा. देशभर झालेल्या 2014–16 च्या सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्के लोकांत आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 25 टक्के लोकांत आयसोनियाझिडला प्रतिकार आढळला होता.

इतर कित्येक जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. टीबीचा जंतू तसं करत नाही. त्याच्या स्वतःच्या जनुकांत आपोआप चुका होतात. साधारण दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला, दहा कोटींत एक रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. फुप्फुसातल्या एका पोकळीतच दहा कोटी जंतू असू शकतात. आमच्याकडे सोयाबीनमध्ये एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की न मरणारं तणच उरतं, तसंच इथे होतं. म्हणूनच औषधं एकत्र देतात. आणि जोडीतलं एक आधीच मेलेलं असेल तर दुसरंही जाण्याचा धोका वाढतो. 2012 च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतल्या बहुतेकांना निरनिराळ्या खासगी डॉक्टरांनी एकेक औषध सुटं वाढवत दिलं होतं.

आमची खरी परीक्षा पुढेच होती. नव्या उपचारात मुख्य भार लिव्होफ्लॉक्सासिनवर. भाऊ लातूरला डाळमिलीत कामाला होता. धुळीनं खोकला लागलाय असं समजून तिथल्या एका दवाखान्यात त्याला हेच औषध पुन्हा पुन्हा दिलं गेलं होतं. त्यानं खोकला थोडा दबतो, निदान लांबतं, आणि एकट्या औषधाच्या माऱ्यात गायरए जनुक बदललेले जंतू तगून राहतात. ते जनुक तपासून येईपर्यंत आम्ही सगळे धास्तावलेलो होतो. ते शाबूत निघालं. भाऊ आता बरा आहे.

तेव्हा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर आधी सरकारी केंद्रात थुंकी द्या, मग अँटिबायोटिक. थुंकी म्हणजे छातीतून खाकरून काढलेला बेडका, तोंडातली लाळ नव्हे. रिफॅम्पिसिनचा निकाल चांगला आला तरी एलपीएसाठी नमुना गेला का, हे डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे विचारा. पूर्वी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, चिठ्ठ्या, जे असेल ते दाखवा. गोळ्या नियमित घेऊनही गुण येत नसेल तर रुग्णाला दोष देऊ नका. जंतू आधीच प्रतिकार घेऊन दुसऱ्याच्या खोकल्यातून आलेला असू शकतो. माझा भाऊ लातूरला एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहत होता.

शेवटी घरातल्या मुलांचं. टीबीच्या रुग्णासोबत राहणाऱ्यांना सहसा आयसोनियाझिडच्या प्रतिबंधक गोळ्या देतात. रुग्णाचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर त्या गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी चार महिने रिफॅम्पिसिन देण्याचा पर्याय राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. मुलांना घेऊन जाताना रुग्णाचा एलपीए अहवाल सोबत न्या.