जळक्या तेलाचे इंधन

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील उपाहारगृहांत वडे-भजी तळून दररोज पुष्कळ तेल जळते. हे तेल पुनःपुन्हा तापविणे अपायकारक होय. तळण्याने वाढणारी ध्रुवीय संयुगे नामक द्रव्ये शेकडा 25 हून अधिक झाली म्हणजे ते तेल वर्ज्य, असा सरकारी नियम जुलै 2018 पासून आहे. मग त्याचे करावे काय? गटारात ओतले तर गटार तुंबते. स्वस्तात विकले तर ते गरिबाच्याच पोटात जाते.

सन 1900 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर डिझेल यंत्र चालविले होते. जळक्या तेलाचेही इंधन होते. रीत अशी: तेल गाळून व तापवून त्यातील पाणी घालवितात. नंतर मेथेनॉलात कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण सुमारे 60 अंश सेंटिग्रेड उष्णतेवर तेलात ढवळतात. ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाशी बसते. वर राहते ते इंधन.

परंतु ही कृती घरी कोणी करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मेथेनॉलची वाफ चटकन पेटते. ते पोटात गेल्यास डोळे जातात, प्राणही जातो. 2015 साली मालाडच्या मालवणीत मेथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. चाळीत स्टोव्हाशेजारी असे द्रव्य ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांचा जीव पणास लावणे होय.

यास्तव तेल निववून, गाळून, डब्यात साठवावे व अधिकृत संग्राहकास द्यावे. ज्यांची मुले मुंबईस खानावळींत कामास आहेत, त्यांनी त्यांस हे अवश्य लिहून कळवावे.