जांघेतील लहान गाठ : ऊरु-अंतर्गळ

पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतील अवयव बाहेर येऊ लागला, की त्यास अंतर्गळ म्हणतात. व्यवहारात ‘हर्निया’ हाच शब्द रूढ आहे. जांघेतील बहुतेक अंतर्गळ जांघेच्या बंधाच्या वर असतात. ऊरु-अंतर्गळ मात्र बंधाखालून मांडीच्या मुळाशी उतरतो. तो तुलनेने विरळा, परंतु अधिक घातक होय.

याचे कारण शरीररचनेत आहे. मांडीच्या मोठ्या नीलेच्या आतल्या बाजूस सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबीची अरुंद ऊरुनलिका असते. नीलेची बाजू सोडल्यास तिच्या तोंडाच्या उरलेल्या तिन्ही कडा ताठ असतात. त्यामुळे आत शिरलेले आतडे आवळले जाते, त्याचा रक्तपुरवठा खुंटतो आणि काही तासांत ते कुजू लागते. वृद्ध व कृश स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो.

समजा, नंजनगूडजवळच्या खेड्यातील एका आजीबाईंना उलट्या व पोटदुखीसाठी म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयात आणले आहे. हे रुग्णालय १९२४ साली बंगलोरात स्थापन होऊन १९३० मध्ये म्हैसूरला आलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. आजीबाई पोटाविषयी सांगतात. लुगड्याखालच्या सुपारीएवढ्या गाठीविषयी संकोचाने बोलत नाहीत. गाठ दुखत नसेल, तर ती त्यांना ठाऊकही नसते. म्हणूनच पोट फुगलेल्या रुग्णाची जांघ पाहिल्यावाचून तपासणी पूर्ण झाली असे विद्यार्थ्याने मानू नये.

या विकारावर पट्टा बांधून उपयोग होत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार, गाठ दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आतड्यास फास बसण्याचा संभव शेकडा २२, तर एकवीस महिन्यांत शेकडा ४५ असतो. शस्त्रक्रिया हाच उपाय होय.

तीत अंतर्गळाची पिशवी उघडून आतील भाग पाहतात. आतडे सजीव असल्यास ते पोटात परत सारतात. काळे पडले असल्यास तेवढा भाग काढून टोके जोडतात. नंतर नलिकेचे तोंड टाक्यांनी किंवा जाळीने बंद करतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत बंधाखालून छेद घेण्याची लॉकवुड यांची पद्धत सोयीची असते. आतडे अडकले असल्यास, वरून पोहोचण्याची मॅकएव्हेडी यांनी १९५० साली मांडलेली पद्धत उपयोगी पडते. कारण तीत आतडे नीट पाहता येते.

वेळीच केलेली ही शस्त्रक्रिया लहान असते. तीच आतडे कुजल्यावर करावी लागली, तर वृद्ध रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून जांघेतील गाठ लहान असली, तरी ती डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.