भाव बाजाराचा, तोटा कोणाचा?

येडगाव परिसरातील टोमॅटो नारायणगावच्या बाजारात येतो. जुलै 2023 मध्ये तेथे 20 किलोच्या क्रेटला 2,000 रुपयांवर भाव मिळाला. सप्टेंबरपर्यंत तो कोसळला. भाव पडला की आडत्याची आडत घटते, पण बुडत नाही. शेतकऱ्याचा रोपे, औषधे, तोडणीचा खर्च मात्र बुडतो. विषमता इथेच जन्मते: बाजार सर्वांना खुला, जोखीम एकाच्याच माथी.

2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. बाकीचे आपल्या हाती आहे. आपण व्यापाऱ्यांनी माल समोर मोजावा, भाव पट्टीवर स्पष्ट लिहावा, पैसे ठरल्या दिवशी चुकते करावेत. नफा घेणे गैर नाही. तोटा नेहमी दुबळ्याच्याच पदरी टाकणे गैर, असे आम्हांस वाटते.